बटाट्याचा श्वास

मुलामुलींनो, पुसदच्या किंवा दिग्रसच्या बाजारातून आणलेले बटाटे तुमच्या स्वयंपाकघरात टोपलीत पडलेले असतात. त्यांच्याकडे नीट पाहा आणि सांगा, ते जिवंत आहेत की नाहीत? बटाटा हलत नाही, बोलत नाही. त्याला मुळे नाहीत, पाने नाहीत. तुम्ही म्हणाल, तो केव्हाच शेतातून काढला गेला. आता तो जिवंत कसा असेल? पण तोच बटाटा महिना-दोन महिने टोपलीत विसरून जा. मग त्याला हातात घ्या. तो सुरकुतलेला असेल, वजनाला हलका झालेला असेल आणि त्याच्या डोळ्यांतून पांढुरके कोंब बाहेर आलेले असतील. मेलेल्या वस्तूला कधी कोंब फुटतात का?

म्हणजे बटाटा जिवंत होता. जो जिवंत आहे त्याला जगण्यासाठी ऊर्जा लागते आणि ऊर्जा मिळवण्यासाठी श्वसन करावे लागते. बटाट्याला नाक नाही, फुप्फुसे नाहीत. तरीही तो श्वसन करतो. कसे करतो? हा प्रश्न एका मराठी मुलीने हाती घेतला आणि इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठात त्याचे उत्तर शोधले. तिचे नाव कमला भागवत. पुढे जग त्यांना डॉ. कमला सोहोनी या नावाने ओळखू लागले. त्यांचे चरित्र आणि त्यांचे संशोधन, या दोन्ही गोष्टी आज आपण समजून घेऊ.

कमलाबाईंचा जन्म १८ जून १९११ रोजी झाला. त्यांचे घराणे विद्येचे घराणे होते. वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव भागवत हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. बंगळूरला जमशेटजी टाटा यांच्या देणगीतून उभी राहिलेली विज्ञान संस्था आहे. या संस्थेतून बाहेर पडलेल्या पहिल्या-पहिल्या विद्यार्थ्यांत या दोघा भावांची गणना होते. कमलाबाईंची थोरली बहीण म्हणजे प्रसिद्ध लेखिका दुर्गाबाई भागवत. एक बहीण साहित्यात मोठी झाली, दुसरी विज्ञानात.

कमलाबाईंनी वडिलांचा आणि काकांचा मार्ग धरला. रसायनशास्त्र हा मुख्य विषय आणि भौतिकशास्त्र हा दुय्यम विषय घेऊन त्या १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत पहिल्या आल्या. आता पुढचे पाऊल ठरलेलेच होते. ज्या संस्थेत वडील शिकले, काका शिकले, त्याच बंगळूरच्या संस्थेत जाऊन संशोधन करायचे. त्यांनी अर्ज पाठवला. गुण उत्तम होते. प्रवेश मिळणार याबद्दल घरात कोणालाही शंका नव्हती.

उत्तर आले, ते नकाराचे. अर्ज करणारी मुलगी आहे, म्हणून प्रवेश नाही.

त्या वेळी या संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. तुम्ही त्यांचे नाव ऐकले आहे. १९३० साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवून त्यांनी साऱ्या देशाची मान उंच केली होती. एवढा मोठा माणूस नाही म्हणाला, तर बाविशीतल्या मुलीने काय करावे? बहुतेकांनी तो कागद घडी करून पेटीत ठेवला असता. कमलाबाईंनी तसे केले नाही. परीक्षेत पहिला क्रमांक मिळवूनही केवळ मुलगी असल्यामुळे दार बंद होत असेल, तर तो अन्याय आहे, असे त्यांना वाटले. देशात गांधीजींच्या सत्याग्रहाचे दिवस होते. कमलाबाई बंगळूरला गेल्या आणि संचालकांच्या कार्यालयापुढे त्यांनी सत्याग्रह आरंभला.

अखेर रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घातल्या. पहिले वर्षभर त्यांना नियमित विद्यार्थी मानले जाणार नाही. संचालकांचे समाधान होईपर्यंत त्यांच्या कामाला मान्यता मिळणार नाही. आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेतल्या मुलग्यांचे चित्त विचलित होता कामा नये. यांतली एकही अट कोणत्याही मुलग्याला घातली जात नव्हती. कमलाबाईंना हा अपमान वाटला आणि तो त्या जन्मभर विसरल्या नाहीत. उतारवयातही त्यांनी तो स्पष्ट बोलून दाखवला. परंतु त्या वेळी त्यांनी अटी मान्य केल्या. दार थोडेसे उघडले होते, तेवढ्यातून आत जाणे त्यांना महत्त्वाचे वाटले.

आत गेल्यावर त्यांनी कामाला जुंपून घेतले. श्रीनिवासय्या नावाचे शिस्तीचे आणि मायाळू शिक्षक त्यांना मार्गदर्शक म्हणून लाभले. दुधात आणि डाळींत कोणती प्रथिने असतात, याचा अभ्यास कमलाबाईंनी सुरू केला. आपल्या देशातली कोट्यवधी माणसे डाळ-भाकरीवर जगतात. म्हणून या डाळीत नेमके काय आहे, हे कळणे फार गरजेचे होते. वर्ष संपले. रामन यांनी त्यांचे काम पाहिले आणि त्यांचे समाधान झाले. केवळ कमलाबाईंनाच नव्हे, तर त्यांच्यामागून येणाऱ्या मुलींनाही संस्थेत प्रवेश मिळू लागला. १९३६ साली त्या विशेष प्रावीण्यासह एम.एस्सी. झाल्या आणि शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजला गेल्या. डिसेंबर १९३७ मध्ये तेथील न्यूनहॅम या मुलींच्या महाविद्यालयात त्यांनी नाव नोंदवले.

केंब्रिजमध्ये तरी स्त्रियांना सारे हक्क होते का? नव्हते. तिथे मुली शिकत, परीक्षा देत, संशोधन करत. पण विद्यापीठाचे पूर्ण सदस्यत्व त्यांना १९४८ सालापर्यंत मिळाले नाही. मात्र तेथील जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे प्रमुख सर फ्रेडरिक हॉपकिन्स हे उदार मनाचे होते. त्यांच्या प्रयोगशाळेत स्त्री-संशोधकांना मानाने काम करता येई. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल १९२९ साली हॉपकिन्स यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते. कमलाबाईंना हीच प्रयोगशाळा मिळाली.

आता आपण थोडे थांबू आणि श्वसन म्हणजे काय ते समजून घेऊ. म्हणजे कमलाबाईंनी काय शोधले, ते तुमच्या ध्यानात येईल. तुमच्या विज्ञानाच्या उर्दू पुस्तकात पेशीला 'खलिया', श्वसनाला 'तनफ्फुस' आणि ऊर्जेला 'तवानाई' म्हणतात. शब्द वेगळे आहेत, वस्तू एकच आहे.

आपण नाकाने हवा आत घेतो आणि बाहेर सोडतो. पण हा श्वसनाचा केवळ पहिला भाग झाला. खरे श्वसन शरीरातल्या प्रत्येक पेशीत चालते. रक्त पेशीपर्यंत दोन वस्तू पोहोचवते: अन्नातून तयार झालेली ग्लुकोज नावाची साखर आणि हवेतला ऑक्सिजन. साखरेत ऊर्जा साठवलेली असते. पण ती पेशीला जशीच्या तशी वापरता येत नाही. समजा, तुमच्या खिशात पाचशेची नोट आहे आणि तुम्हांला दहा रुपयांचे भुईमुगाचे दाणे घ्यायचे आहेत. दाणेवाला म्हणेल, आधी मोड आणा. पेशीचेही तसेच आहे. ग्लुकोज ही मोठी नोट. तिची मोड करून जी सुटी नाणी मिळतात, त्यांचे नाव एटीपी. स्नायू हलवायचा असो, मुळाने पाणी शोषायचे असो, की बटाट्याला कोंब फुटायचा असो, हीच नाणी खर्च होतात.

मोड दोन रीतींनी होते. पहिल्या रीतीत ऑक्सिजन लागत नाही. पेशी ग्लुकोजच्या एका रेणूचे दोन तुकडे करते आणि त्यातून तिला निव्वळ २ नाणी मिळतात. बस, एवढेच. बाकीची सारी ऊर्जा त्या तुकड्यांतच अडकून राहते. आपल्या स्नायूंत या तुकड्यांपासून लॅक्टिक आम्ल बनते. यीस्ट नावाच्या सूक्ष्म जीवात त्यांपासून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड वायू बनतो. नान करताना पिठात घालतात ते खमीर तुम्ही घरी किंवा बेकरीत पाहिले असेल. ते म्हणजे हेच यीस्ट. पीठ फुगते ते याच वायूमुळे आणि भट्टीच्या उष्णतेने अल्कोहोल उडून जाते.

दुसऱ्या रीतीत ऑक्सिजन लागतो. ग्लुकोजचे ते तुकडे पेशीतल्या तंतुकणिका नावाच्या बारीक भागांत जातात. तेथे त्यांचे पुरते विघटन होऊन कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होते. या रीतीने एका ग्लुकोजपासून एकूण सुमारे ३० ते ३२ नाणी मिळतात. जुन्या पुस्तकांत हा आकडा ३८ किंवा ३६ दिलेला आढळेल. पुढे अधिक काटेकोर मोजमाप झाले, तेव्हा तो कमी झाला. तरी फरक पाहा. ऑक्सिजनशिवाय २ आणि ऑक्सिजनसह ३० हून अधिक!

हा फरक तुम्ही कबड्डीच्या मैदानावर अनुभवता. चढाई करणारा गडी क्षणात झेप घेतो. त्या झेपेसाठी रक्तातून ऑक्सिजन पुरेसा येईपर्यंत स्नायू थांबत नाहीत. ते पहिल्या, झटपट रीतीने ऊर्जा मिळवतात. पण ही ऊर्जा फार वेळ पुरत नाही. गडी परत येऊन धापा टाकतो. याउलट पाच किलोमीटर चालत शाळेला जाणारा मुलगा दुसऱ्या रीतीवर चालतो, म्हणून तो इतका वेळ चालू शकतो. ज्या हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत कमलाबाई गेल्या, त्यांनीच १९०७ साली वॉल्टर फ्लेचर यांच्याबरोबर बेडकाच्या स्नायूंवर प्रयोग केले होते. ऑक्सिजन नसेल तर स्नायूत लॅक्टिक आम्ल साठते आणि ऑक्सिजन मिळाला की ते नाहीसे होते, असे त्यांनी दाखवले होते. खेळाच्या दुसऱ्या दिवशी अंग दुखते, तेही या आम्लामुळेच, असे पूर्वी मानत. आता कळले आहे, की ते दुखणे स्नायूंच्या धाग्यांना झालेल्या बारीक इजांचे असते. लॅक्टिक आम्ल त्याच्या आधीच शरीराने वापरून टाकलेले असते.

आता प्रश्न असा, की दुसऱ्या रीतीत ऑक्सिजन नेमके काय करतो? एखाद्या गंजीला आग लागली, की गावकरी विहिरीपासून गंजीपर्यंत रांग लावतात आणि भरलेल्या बादल्या हातोहात पुढे देतात. पेशीतही अशी रांग आहे. तिथे बादल्यांच्या जागी इलेक्ट्रॉन नावाचे अतिसूक्ष्म कण असतात आणि माणसांच्या जागी काही प्रथिने असतात. एक प्रथिन इलेक्ट्रॉन घेते आणि दुसऱ्याला देते. या देण्याघेण्यातून पेशीची बरीचशी नाणी तयार होतात. रांगेच्या अगदी शेवटी उभा असतो ऑक्सिजन. तो इलेक्ट्रॉन स्वीकारतो आणि त्याचे पाणी बनते. ऑक्सिजन नसेल तर शेवटची बादली घ्यायला कोणी नाही. मग मागचे सगळे भरल्या बादल्या घेऊन तसेच उभे राहतात आणि सारे काम ठप्प होते.

या रांगेतल्या काही प्रथिनांना सायटोक्रोम म्हणतात. त्यांच्यात लोहाचा अणू असतो आणि त्यांना रंग असतो. डेव्हिड केलिन नावाच्या शास्त्रज्ञाने १९२५ साली केंब्रिजमध्येच त्यांचा अभ्यास करून त्यांना हे नाव दिले. वर्णपटदर्शक यंत्रातून यीस्टकडे पाहताना त्यांना काळे पट्टे दिसले. यीस्ट हवेबरोबर घुसळले, की पट्टे नाहीसे होत. तसेच ठेवले, की पुन्हा दिसू लागत. जणू पेशीचा श्वास डोळ्यांनी पाहता आला! प्राण्यांत ही रांग असते, हे स्पष्ट होत गेले. काही वनस्पतींतही सायटोक्रोमच्या खुणा केलिन यांना दिसल्या. पण वनस्पतींचे श्वसन खरोखर याच रांगेने चालते का, याबद्दल शास्त्रज्ञांचे एकमत नव्हते. कापलेला बटाटा हवेत काळसर पडतो, हे तुम्ही पाहिले आहे. हा रंग आणणारे एक वेगळे द्रव्य बटाट्यात असते आणि तेही ऑक्सिजन वापरते. वनस्पतींत ऑक्सिजन वापरण्याचे मुख्य काम या द्रव्याकडेच असावे, असे काहींचे मत होते.

कमलाबाई आधी डेरेक रिक्टर यांच्या मार्गदर्शनाखाली काम करत होत्या. रिक्टर दुसरीकडे गेल्यावर त्या रॉबिन हिल यांच्याकडे काम करू लागल्या. हिल यांचा वनस्पतींचा अभ्यास मोठा होता. इथेच बटाटा त्यांच्या हाती आला. बटाटा स्वस्त, भरपूर मिळणारा. शिवाय त्याच्या आत पानांसारखा हिरवा रंग नसतो, त्यामुळे फिकट रंगाची द्रव्ये शोधताना अडचण कमी होते. कमलाबाईंनी बटाट्याच्या आणि इतर वनस्पतींच्या पेशी तपासल्या. त्यांत त्यांना 'सायटोक्रोम सी' सापडले. एवढेच नव्हे, तर सायटोक्रोमकडून इलेक्ट्रॉन घेऊन ऑक्सिजनला देणारे विकरही वनस्पतींत असल्याचे त्यांनी आणि हिल यांनी दाखवले. त्यांचा निबंध १९३९ साली 'नेचर' या जगप्रसिद्ध साप्ताहिकात छापला गेला. पिंपळाचे झाड, बटाटा, चिमणी आणि माणूस ऊर्जेसाठी एकाच प्रकारची रांग लावतात, या समजुतीला त्यामुळे भक्कम आधार मिळाला.

पुढच्या काळात सायटोक्रोम सी या प्रथिनाची रचना शास्त्रज्ञांनी कडीकडीने वाचली. माणसात ते १०४ अमिनो आम्लांच्या साखळीचे असते. चिंपांझीतले सायटोक्रोम सी माणसातल्यासारखेच, एकाही कडीचा फरक नसलेले आढळले. यीस्टशीसुद्धा त्याच्या एक तृतीयांशाहून अधिक कड्या जुळतात. नानच्या पिठातला जीव आणि तो नान खाणारा माणूस यांच्यात इतके साम्य आहे!

कमलाबाईंचा प्रबंध अवघा ४० पानांचा होता. इतरांचे प्रबंध जाडजूड असत. पण थोडक्या पानांत त्यांनी आपला मुद्दा सिद्ध केला होता. १९३९ साली केंब्रिजने त्यांना पीएच.डी. दिली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. सहा वर्षांपूर्वी याच मुलीला प्रयोगशाळेत पाऊल ठेवू द्यावे की नाही, असा प्रश्न पडला होता!

इंग्लंड-अमेरिकेत त्यांना नाव आणि पैसा मिळाला असता. पण त्या १९३९ सालीच मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुखपद सांभाळले. नंतर त्या कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक झाल्या. १९४७ साली त्यांचा विवाह झाला. पती श्री. सोहोनी हे विम्याचे गणित जाणणारे तज्ज्ञ होते. विवाहानंतर कमलाबाई मुंबईला आल्या आणि तेथील विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या.

मुंबईत त्यांनी पुन्हा गरिबांच्या ताटाकडे लक्ष दिले. डाळी, कडधान्ये यांच्या पोषणमूल्यांवर त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी संशोधन केले. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरा हा विषय हाती घेतला. नीरा म्हणजे ताडाच्या किंवा शिंदीच्या झाडातून पहाटे मिळणारा गोड, ताजा रस. नीरेत जीवनसत्त्वे आणि लोह असते, असे कमलाबाईंना आढळले. कुपोषित मुलांच्या आणि आदिवासी गरोदर स्त्रियांच्या आहारात नीरा दिल्यास त्यांची प्रकृती सुधारते, असेही त्यांनी दाखवले. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

आता येथे एक गंमत पाहा. नीरा झाडावरून उतरवली आणि थंड न ठेवता तशीच राहू दिली, की काही तासांत तिच्यात यीस्ट वाढते. यीस्ट नीरेतली साखर ऑक्सिजनशिवाय वापरते. त्याला स्वतःला फक्त दोन-दोन नाणी मिळतात आणि मागे अल्कोहोल उरते. पोषण देणाऱ्या नीरेची नशा आणणारी ताडी होते. साखर तीच, झाडही तेच. पण यीस्ट तिच्यावर जगू लागले, की माणसाचे औषध माणसाचे विष बनते. म्हणून नीरा पहाटे उतरवून थंड ठेवतात आणि ताजी असतानाच पितात.

कमलाबाईंनी केंब्रिजमध्ये जे पाहिले, ते तुमच्या यवतमाळ जिल्ह्याच्या शेतातही पाहायला मिळते. आपल्याकडे काळ्या जमिनीत कपाशी घेतात. पावसाळ्यात एखाद्या आठवड्यात झड लागते आणि सखल शेतात पाणी साचते. अशा वेळी कपाशी मान टाकते. पाने लोंबतात, पिवळी पडतात. किती नवल आहे! पाण्यात उभे असलेले झाड तहानेल्यासारखे सुकते. याचे कारण मुळांच्या श्वासात आहे. जमिनीच्या कणांमधल्या फटींत एरवी हवा असते. तिथे पाणी भरले, की ऑक्सिजन मुळांपर्यंत पोहोचत नाही. कारण हवेच्या मानाने पाण्यातून तो सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. मुळांतल्या रांगेच्या शेवटी ऑक्सिजन उरत नाही. तीस नाण्यांवर चालणारा संसार दोन नाण्यांवर येतो. मग मुळांना पाणी शोषण्याचे काम झेपत नाही. म्हणून जाणता शेतकरी चर खणून साचलेले पाणी काढून देतो आणि वाफसा आला, की डवरणी करून जमीन मोकळी करतो. डवऱ्याने तण निघते, हे खरे. पण त्याबरोबर मुळांना हवाही मिळते. धानाचे रोप मात्र पाण्यात सुखाने उभे राहते, कारण त्याच्या खोडात हवेच्या पोकळ नळ्या असतात. त्यांतून ऑक्सिजन मुळांपर्यंत उतरतो.

धान्यही श्वसन करते. पूर्वी लोक ज्वारी जमिनीखालच्या पेवात साठवत. पेव उघडल्यावर लगेच आत उतरणे जिवावर बेतू शकते. कारण आतल्या दाण्यांनी ऑक्सिजन वापरलेला असतो आणि कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो. बटाटे कोंदट जागी, हवा न लागता कोंबून ठेवले, तर काही बटाटे बाहेरून चांगले दिसतात, पण आतून काळे पडतात. बटाट्याच्या मध्यभागी श्वास पोहोचला नाही, असा याचा अर्थ.

हे सारे तुम्ही स्वतःही पडताळून पाहू शकता. मूठभर मूग भिजवून त्यांना मोड आणा. ते एका बरणीत ठेवा. चुन्याच्या स्वच्छ निवळीने अर्धी भरलेली छोटी बाटली, उघड्या तोंडाची, त्याच बरणीत उभी ठेवा आणि बरणीचे झाकण घट्ट लावा. दुसऱ्या दिवशी निवळी दुधाळ झालेली दिसेल. मुगांनी श्वसनातून सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडने ती दुधाळ केली. शेजारी दुसऱ्या बरणीत तेवढेच उकडलेले मूग ठेवा आणि फरक पाहा. मात्र चुन्याची निवळी डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करा.

कमलाबाई पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. एवढ्या मोठ्या विज्ञान संस्थेचे हे पद स्त्रीला मिळणे त्या काळी दुर्मीळ होते आणि त्यासाठी त्यांना बरीच वाट पाहावी लागली. बाजारात लोकांची फसवणूक होऊ नये, म्हणून १९६६ साली मुंबईत भारतीय ग्राहक मार्गदर्शन संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत कमलाबाई होत्या आणि १९८२-८३ मध्ये त्या तिच्या अध्यक्ष झाल्या. संस्थेच्या 'कीमत' या नियतकालिकात त्या ग्राहकांच्या हिताचे लेख लिहीत. प्रयोगशाळेतले ज्ञान स्वयंपाकघरापर्यंत पोहोचले पाहिजे, या विचाराने त्या शेवटपर्यंत वागल्या. १९९८ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि २८ जून १९९८ रोजी त्यांचे निधन झाले.

मुलामुलींनो, रामन हे थोर शास्त्रज्ञ होते, यात शंका नाही. प्रकाशाचे गूढ त्यांनी उकलले. पण मुलींच्या बाबतीत त्यांचा निर्णय चुकीचा होता आणि तो चुकीचा आहे, हे त्यांना एका विद्यार्थिनीने आपल्या कामाने पटवून दिले. मोठ्या माणसाचा मान ठेवावा. पण त्याचे म्हणणे न्यायाचे नसेल, तर ते नम्रपणे आणि ठामपणे नाकारावे, हे कमलाबाईंनी करून दाखवले. त्या दिवशी त्या परत फिरल्या असत्या, तर केवळ एकीचे शिक्षण थांबले नसते. त्यांच्या मागून येणाऱ्या कितीतरी मुलींसाठी ते दार आणखी काही वर्षे बंद राहिले असते.

तुमच्या वर्गात आज मुली आहेत, तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतही आहेत. आठवी-नववीनंतर कोणाची बहीण, कोणाची मैत्रीण शाळा सोडणार असेल, तर तिच्या घरच्यांना कमलाबाईंची गोष्ट सांगा. बियाण्यात जीव असतो, पण कोंब फुटायला त्याला हवाही लागते. ती आपण सर्वांनी मिळून द्यायची असते.